कच्च्या सालीचे बटाटे

हफ्साच्या अब्बांनी मस्कतच्या हॉटेलात आजवर जेवढे बटाटे सोलले, तेवढे जर कुणी समुद्रात एकापुढे एक ओतत आणले असते, तर तिथपासून किहीमच्या किनाऱ्यापर्यंत चांगला रुंद बांध पडला असता. मग अब्बांना विमानबिमान काही लागलंच नसतं. मनात आलं की चपला सरकवायच्या आणि चालत चालत चहाला घरी! हे गणित हफ्साचं. हफ्सा नववीत होती, आणि असली गणितं तिला चुटकीसरशी सुटायची. अडायची ती फक्त वहीतली.

पण या वर्षी अब्बा खरंच घरी होते. हॉटेल दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून पाऊस सरता सरता बदरुद्दीनभाई किहीमजवळच्या आपल्या घरी येऊन पोहोचले होते. सेठने निघताना सांगितलं होतं, "रमजानच्या आधी ये. रमजानला हॉटेल उघडायचंय." झालं. घरात सगळ्यांना ते पाठ होतं. अम्मीने तर बॅग माळ्यावर टाकलीच नाही, कपाटाशेजारी उभी करून ठेवली. "चढवायची आणि उतरवायची कशाला? माझी कंबर काय लोखंडाची हाय?" ती म्हणाली. अम्मीचं नाव नूरबानू. ती दुःखसुद्धा तक्रारीच्या चालीवर म्हणायची.

हफ्सा मात्र त्या बॅगेकडे बघायचीच नाही. बॅगेच्या बाजूचा डोळा मिटून ती खोलीतून जायची. आणि तिला वाटायचं, अब्बा जाऊ नयेत. या वेळी तरी जाऊ नयेत. यापलीकडे तिला त्या हिवाळ्यात काही म्हणजे काही नको होतं.

एका दुपारी अब्बा ओटीवर बसून बटाटे सोलत होते. सुरी दिसायचीच नाही, नुसती सालीची लांब फीत बोटांतून खाली उतरताना दिसायची. एका बटाट्याची एकच फीत! हफ्सा बघत राहिली आणि सहज म्हणून बसली,

"अब्बा, बटाट्याचं झाड कसं असतं हो?"

अब्बांचा हात थांबला.

"झाड? बघितलं नाय गं कधी."

"आणि फूल?"

"बटाट्याला फूल येतं?" ते असे हसले, जणू तिने मिठाला पान फुटतं का विचारलं होतं. पण हसून झाल्यावर ते हातातल्या बटाट्याकडे जरा वेळ बघत राहिले. हफ्साला ते बघणं आत कुठेतरी लागलं. म्हणजे बघा, एखाद्या माणसाला रोज भेटायचं, रोज त्याचा हात हातात घ्यायचा, आणि त्याच्या घरी एकदाही जायचं नाही, तसं झालं की हे.

दुसऱ्याच दिवशी शाळेत सुचिता मॅडमनी परसबागेच्या उपक्रमासाठी विचारलं, कोण काय लावणार? वर्गातून पांढरा कांदा, वाल, मेथी, पुन्हा पांढरा कांदा अशी उत्तरं आली. हफ्सा उभी राहिली. गेल्या वर्षीपर्यंत ती वर्गात उभी राहिली की तिचे गुडघे बाकाला टकटक वाजायचे. या वर्षी काय झालं होतं कोण जाणे, गुडघे गप्प होते.

"बटाटा," ती म्हणाली.

वर्ग हसला. अलिबागच्या पट्ट्यात बटाटा? मॅडम हसल्या नाहीत. त्यांचं माहेर मंचरकडचं, बटाट्याच्या शेतात त्या लहानाच्या मोठ्या झालेल्या. "थंडीचं पीक आहे. आपल्याकडे थंडी जेमतेम. पण जमीन रेताड, भुसभुशीत असेल तर येईल थोडाफार. बेणं मी आणून देते," त्या म्हणाल्या, "पण मन लावून करणार का?"

मन! हफ्साने तर सगळा हिवाळाच पणाला लावला होता.

संध्याकाळी तिने अब्बांना गाठलं. "आपल्या वाडीतली ती मोकळी पट्टी मला द्या. आणि बटाटे निघेपर्यंत थांबा."

"रमजानच्या आधी निघतील?"

"निघतील."

"मग बघून जाईन."

हफ्साने 'बघून' तेवढं उचललं आणि 'जाईन' कुंपणापलीकडे फेकून दिलं.

पट्टी नारळांच्या आणि विहिरीच्या मधे होती. समुद्र तिथून दिसायचा नाही, पण ऐकू यायचा; सकाळी धुकं उतरलं की वाटायचं, समुद्रच पांढरा होऊन पावलं न वाजवता वाडीत येऊन बसलाय. अब्बांनी कुदळ धरली, तशी पहिल्याच घावाला त्यांना धाप लागली. कुंपणावरून मनुबाई बघत होती. मनुबाई आणि तिचा नवरा भागोजी आतल्या गावात भात करायचे; तिच्या म्हशींचं शेणखत आख्ख्या गावात नावाजलेलं.

"बदरूभाव, कुदळ हाय ती, झारा न्हाय," ती म्हणाली.

"मनुभाभी, झारा असता तर आतापर्यंत तळून झालं असतं," अब्बा म्हणाले. दोघंही हसले आणि मनुबाई कुंपण ओलांडून आतच आली. त्यानंतर ती रोजच येत राहिली.

भांडण लागलं ते खतावरून. मनुबाईचं म्हणणं, शेणखत भरपूर घाला आणि देवावर सोडा. अब्बांचं म्हणणं, दुकानातून खताची गोणी आणू, टाकू, मोकळे होऊ. मस्कतच्या बागेत माळी तसंच करतो. हफ्सा दोघांच्या मधे उभी. मॅडमनी तिला सांगितलेलं तिच्या ओठांवर आलं होतं, नुसतं बाहेर पडायला जागा हवी होती.

"दोन्ही!" ती ओरडली. "अर्धं हे, अर्धं ते. नुसतं रासायनिक टाकलं ना, तर आपली ही रेताड जमीन ते धरूनच ठेवत नाही. पिकापेक्षा विहीरच जास्त पिते. आणि विहिरीतलं आपण पितो! शेणखत त्याला धरून ठेवतं. पण नुसतं शेणखत म्हणजे आस्ते कदम, आणि बटाट्याला तर घाई असते. थंडी संपायच्या आत त्याला पोट भरून घ्यायचं असतं."

मनुबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "आमच्या सासऱ्यानं कधी पिशवीचं खत शिवलं न्हाय."

"त्यांनी बटाटा लावला होता का काकी?"

"व्हय गं बाय, तोंड लई चालाया लागलं तुझं." पण ती हसत होती.

अब्बा मात्र कुदळीवर हनुवटी टेकवून विचार करत होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे दम आणि फोडणी."

"काय?"

"शेणखत म्हणजे दम. खाली मंद आच, झाकण लावलेलं, रात्रभर आपलं शिजतंय. आणि पिशवीचं खत म्हणजे फोडणी. थोडीच द्यायची, पण वेळेवर. आधी दिली तर जळते, उशिरा दिली तर वरच्यावर तरंगते." ते हफ्साकडे बघून हसले. "असं सांग ना मग! मला वाटलं काय शास्त्रबिस्त्र आहे."

त्या दिवसापासून पट्टी अब्बांची झाली. सऱ्या पाडल्या, वरंबे उचलले. मनुबाईचं शेणखत मातीत कालवताना अब्बा बोटांनी चोळून बघायचे, जसं पीठ भिजलंय का बघतात. स्फुरद आणि पालाश लागवडीबरोबर, युरिया थोडा आत्ता, थोडा नंतर मातीची भर देताना, हे त्यांना एकदा सांगून कळलं. बेण्याच्या प्रत्येक फोडीला डोळे राहतील असे बटाटे कापताना त्यांचा हात असा चालला की मनुबाईसुद्धा बघत बसली.

आणि मग अम्मी म्हणाली, "मासळी न्हाय घालणार?"

आता हे कुणी विसरेल कसं? त्यांच्या किनाऱ्यावर नारळाला मासळी, कांद्याला मासळी, अंगणातल्या मोगऱ्यालासुद्धा मासळी. बंदरावर जवळा-बोंबील वाळवले की खाली जो चुरा उरतो, तो मातीत गेला की माती जागी होते, हे इथल्या पोराबाळांना बोलायला यायच्या आधीपासून ठाऊक. अम्मीचा भाऊ राहील सुक्या मासळीचा व्यापार करायचा. त्याच्या वखारीत कोपऱ्यात चुऱ्याची पोती पडलेली असत. अब्बा सायकल घेऊन गेले आणि एक पोतं आणून वरच्या सऱ्यांत पसरून मोकळे झाले. खालच्या सऱ्यांना मनुबाईचं शेणखत जास्त गेलं होतं, तिथं चुरा पुरला नाही. विहिरीजवळची ती बाजू तशीच राहिली.

मग माती झाकली गेली, पाणी दिलं गेलं, आणि काहीच घडेना.

हफ्साला हे काहीच न घडणं फार आवडलं. शाळेत निघायच्या आधी ती वरंब्याजवळ पालथी पडायची आणि मातीला कान लावायची. नारळाच्या झावळ्या वर हलायच्या, मांडव्याकडून बोटीचा भोंगा यायचा, आणि मातीच्या आत कुणीतरी झोपेत कूस बदलतंय असं तिला ऐकू यायचं. तिला वाटायचं, खाली दुसरं आभाळ आहे. तिथं अंधार आहे म्हणूनच तिथं चंद्र धरतात, एकेका मुळाला एकेक, आधी कोर, मग अर्धा. वरचे लोक फक्त पानं मोजतात. आत केवढी पौर्णिमा चाललीय त्यांना काय पत्ता!

"उठ! गणवेश बघ तुझा," अम्मी ओरडायची. "शाळेत जातेस का गाडून घेतेस?"

आणि एका सकाळी कोंब वर आले. गडद हिरवे, चुरगळलेले, झोपेतून उठल्यासारखे. अब्बा दात घासता घासता धावले. तोंडात फेस, हातात ब्रश, आणि ते उकिडवे बसून त्या एवढ्याशा पानांकडे असे बघत होते की हफ्सा लांबच थांबली. आत जाऊन तिने अम्मीला सांगितलं. अम्मी खिडकीतून बघत म्हणाली, "तू झाली होतीस तेव्हा हा माणूस तिकडं होता. तुला असं बघायला पण मिळालं नव्हतं त्याला." मग लगेच, "दूध उतू जाईल, सर बाजूला."

रोपं वाढली. विहिरीजवळची छान दाट झाली. वरच्या सऱ्यांतली मात्र थबकली. आधी पानांच्या कडा तपकिरी पडल्या, कागद जळतो तशा, मग त्या आत वळल्या. हफ्साने पाणी दिलं. कडा तशाच. अब्बांनी खत कमी पडलं म्हणून जरा युरिया टाकायला घेतला, तर मनुबाई आली आणि तिने त्यांचा हात धरला. रोपांना काय झालंय ते तिलाही कळलं नव्हतं. पण करपलेल्याला आणखी भूक नसते, एवढं ती म्हणाली.

अम्मी घरातून आली. वाकली, सरीतली चिमूटभर माती उचलली, आणि सरळ जिभेवर ठेवली.

"खारट," ती म्हणाली.



"राहीलच्या कुठल्या कोपऱ्यातलं पोतं आणलंत? दाराजवळचं की आतलं?"

"दाराजवळचं," अब्बा म्हणाले. "चुरा तो चुराच ना?"

अम्मीने कपाळाला हात लावला. जवळा-बोंबील नुसत्या उन्हावर वाळतात. त्यांचा चुरा मातीला चालतो. पण दाराजवळ असतो तो खारवलेल्या बांगड्याचा, मुशीचा. मिठात मुरलेल्या मासळीचा. तो कुणी चुकूनही मातीला देत नाही. गावातलं शेंबडं पोर सांगेल दोन्हीतला फरक: खारा चुरा सकाळी हाताला ओलसर लागतो, मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं ना! वासही वेगळा. त्यासाठी कुणाला काही शिकवावं लागत नाही.

फक्त ज्याला गाव सोडून वर्षं झालीत, त्याचं नाक विसरतं.

अब्बांनी हात धुतले, आणि ओटीवर जाऊन बसले. हफ्सा शेजारी जाऊन बसली, तर ते समोर बघतच म्हणाले, "मला मासळीचा वास कळला नाही, हफ्सा. मी इथला ना? आणि मला कळला नाही." थोड्या वेळाने ते उठले, आत गेले, आणि तिला कपाटाशेजारून बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. "सेठला फोन करतो. लवकरच बोलाव म्हणतो. इथं काय, मी असून नसून सारखाच."

गेल्या वर्षीची हफ्सा असती तर तिने उशीत तोंड खुपसलं असतं. या वर्षीची हफ्सा शाळेत पळत गेली, सुट्टीचा दिवस असूनही, आणि शाळेत कुणी नाही म्हटल्यावर मॅडमच्या घरी पोचली. दारातच तिने धापा टाकत सगळं ओतलं.

"रेताड जमीन आहे ना?" मॅडम म्हणाल्या. "मग घाबरतेस काय! मीठ जसं आलं तसं धुऊन जाईल. उरलेला चुरा वेचून काढा, नि गोडं पाणी द्या. भरपूर, पण सावकाश."

गोडं पाणी! इथंच तर मेख होती. त्यांच्या विहिरीत वरचं पाणी गोडं आणि तळाचं खारं. दोन्ही एकमेकांवर न मिसळता निजलेली असतात. पंप जास्त वेळ चालवला की खालचं जागं होतं आणि वर येतं. मग एक मीठ धुवायला दुसरं मीठ! म्हणजे पंप नाही. हाताने, पोहरा सोडून, पाण्याला धक्का न लावता वरचं वरचं उचलायचं.

हफ्सा घरी येऊन बॅगेसमोर उभी राहिली. आज तिने दोन्ही डोळे उघडे ठेवले होते.

"अब्बा, फोन नंतर करा. आधी पाणी ओढायचंय."

"हफ्सा..."

"रस्सा खारट झाला तर तुम्ही हॉटेल सोडून पळून जाता का?"

अब्बांनी तिच्याकडे बघितलं. ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "बटाटा टाकतो," ते म्हणाले. "खारट रश्श्यात बटाटा टाकायचा असतो."

"टाकलेलाच आहे. चला!"

मग सुरू झालं त्यांचं पाणी ओढणं. सकाळी धुक्यात आणि पुन्हा संध्याकाळी, ऊन कलल्यावर. अब्बा पोहरा सोडायचे, अगदी अलगद, पाण्याला झोपेतून न उठवता. हफ्सा बादल्या उचलून सरीच्या तोंडाशी रिती करायची. पाणी सरीतून डुलत डुलत जायचं, मातीत मुरायचं, मीठ बरोबर घेऊन खाली खाली उतरायचं, आणि हफ्साला वाटायचं, आपण एखाद्याचं रडं पुसतोय. तिसऱ्या खेपेला कधीतरी अम्मी आली, पदर खोचला, आणि न बोलता दुसरी बादली उचलली. अब्बा म्हणाले, "तू कशाला? कंबर तुझी..." अम्मी म्हणाली, "गप ओढा." अम्मीने एवढंच म्हटलं, पण ते म्हणताना तिने अब्बांकडे बघितलं, आणि हफ्सा एकदम बादलीत बघायला लागली.

रोज संध्याकाळी अम्मी मातीची चिमूट जिभेवर ठेवायची. "हाय अजून." दुसऱ्या दिवशी, "हाय थोडं." आणि मग एकदा तिने चिमूट अब्बांच्याच तळहातावर ठेवली. अब्बांनी चाखली. डोळे मिटले. "गोडी," ते म्हणाले. मातीला गोडी म्हणणारा माणूस हफ्साने पहिल्यांदाच पाहिला.

पण पाण्याबरोबर मीठ गेलं तसं वरखतातलंही बरंच खाली गेलं असणार, मॅडमनी सांगितलं होतं. करपलेल्या रोपांना नवी पानं फुटली ती फिकट होती. "रस्सा पातळ झाला," अब्बा आपणहून म्हणाले. "दम आहे खाली, पण फोडणी परत द्यायला हवी." माती चढवताना त्यांनी मनुबाईचं मुरलेलं शेणखत ओंजळ ओंजळ घातलं आणि त्यावर युरिया असा चिमटीने सोडला, की मनुबाई म्हणाली, "बदरूभाव, औषध देताय जसं."

"मनुभाभी, जास्त झालं की काय होतं ते कळलंय आता मला."

"एक सरी मला द्या," मनुबाई एकदम म्हणाली. "नुसत्या शेणखताची. बघू तरी." आणि तिने विहिरीकडची शेवटची सरी आपली म्हणून धरली, तिथं फोडणी बंद! रोज येऊन ती आपल्या सरीशी काहीतरी पुटपुटायची. ती सरी दिसायला शहाण्या मुलीसारखी होती, निरोगी पण बुटकी. "व्हईल मोठी," मनुबाई म्हणायची, "घाई न्हाय तिला." घाई नव्हती खरी, पण थंडीला होती.

आणि फुलं आली.

हफ्सा शाळेतून आली तेव्हा अब्बा बांधावर बसलेले. ऊन पिवळं झालं होतं. सऱ्यांवर पांढरी, मधेच जांभळसर झाक असलेली फुलं, मधोमध पिवळा ठिपका, आणि माना खाली घातलेल्या, जणू आपण बटाट्याची आहोत हे त्यांना कुणाला सांगायचं नव्हतं. मिठाने मारलेल्या सऱ्यांतसुद्धा चार-दोन. हफ्सा अब्बांजवळ बसली. वाऱ्याला नारळाचा, ओल्या मातीचा, दूरच्या मासळीचा वास होता. अब्बांनी नाक वर केलं.

"बोंबील," ते म्हणाले. "बिनमिठाचे."

"कशावरून?"

"कळतंय," ते म्हणाले, आणि कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. हफ्साला वाटलं, ही संध्याकाळ संपूच नये, अशीच पिवळी राहावी, पिकत पिकत जावी.

पण संध्याकाळी संपतातच. थंडी पातळ होत गेली, बटाट्याची पानं पिवळी पडून लोळायला लागली, आणि सेठचे फोन यायला लागले. रमजान तोंडावर आला होता. तिकीट काढायचं तर आजउद्यातच.

हफ्साचा जीव टांगणीला लागला. अब्बा बटाटे 'बघून' जाणार होते. ते त्यांना दाखवायचे, आत्ताच्या आत्ता, ढीग घालून, असा ढीग की त्यापलीकडे विमान दिसताच कामा नये! शुक्रवारी दुपारी, अब्बा नमाजहून यायच्या आत, ती कुदळ घेऊन पट्टीत पोचली. मनुबाईला तिने मदतीला बोलावलं होतं.

दोघी अब्बांना सऱ्यांतच सापडल्या. अब्बांच्या डोक्यावर अजून नमाजची टोपी.

"काय चाललंय?"

"काढतोय," हफ्सा म्हणाली. तिचा आवाज नको तेवढा मोठा झाला. "तुम्ही बघून जाणार होता ना? मग बघा."

अब्बा वाकले. कुदळ बाजूला ठेवली आणि एका रोपाखाली नुसता हात घातला, कोपरापर्यंत, डोळे मिटून, जसं कुणी अंधारात कंदिलाची काडेपेटी शोधतं. हात बाहेर आला तेव्हा त्यात बटाटे होते. मूठभर नव्हे, ओंजळभर. मातीने माखलेले, फिकट सोनेरी, तळहाताएवढा एक, बाकी त्याची भावंडं. मग त्यांनी वरच्या सरीत हात घातला; तिथले लहान, काही तर सुपारीएवढे, पण होते. मनुबाईच्या सरीतले मध्यम. "गोल हायत बघा किती," मनुबाई म्हणाली आणि आपल्या सरीतल्या सगळ्यात मोठ्याकडे बघून तिने हळूच एक सुस्कारा सोडला. "पुढच्या साली थोडी फोडणी द्या मला पण."

अब्बा ऐकत नव्हते. त्यांनी सगळ्यात मोठा बटाटा घेतला, कुर्त्याला पुसला, आणि त्यावरून अंगठा ओढला. जोर न लावता. अंगठ्याखाली साल सुरकुतली आणि पापुद्र्यासारखी सरकून आली.

त्यांनी दुसरा घेतला. अंगठा. साल सरकली. तिसरा. तेच.

"कच्ची आहे," ते म्हणाले.

"काय?"

"साल. साल कच्ची आहे, हफ्सा. असला बटाटा पोत्यात भरलास तर चार दिवसांत काळा पडेल. आमच्याकडे असला माल आला की मी परत पाठवायचो. सेठ ओरडायचा, तरी पाठवायचो." ते उभे राहिले. "वरची पानं कापून टाकायची. पाणी बंद. आणि मग आतच राहू द्यायचे, अंधारात, साल घट्ट होईस्तोवर."

"किती दिवस?" हफ्साने विचारलं. तिला उत्तर ठाऊक होतं, मॅडमनीच सांगितलेलं. ती ते घाईघाईत मुद्दाम विसरली होती. तेवढे दिवस गेले की रमजान लागलेला असणार. विमान गेलेलं असणार. अब्बा पलीकडच्या किनाऱ्यावर, आणि इथं मातीत त्यांचे बटाटे एकटेच जाड होत राहणार.

अब्बा मनुबाईकडे वळले. "मनुभाभी, कोयता आहे?"

मनुबाईने कमरेचा कोयता काढून दिला. त्यांनी पहिल्या सरीची पानं कापायला घेतली, तोच फोन वाजला. खिशातून काढून त्यांनी तो खांद्याने कानाला दाबला आणि कापत राहिले. पलीकडून सेठचा आवाज एवढा मोठा होता की नारळावरचा कावळासुद्धा ऐकायला थांबला.

"नहीं सेठ," अब्बा म्हणाले. "नहीं, तबीयत अच्छी है. सब अच्छे हैं. नहीं... आलू ज़मीन में है, सेठ." थोडा वेळ ते ऐकत राहिले. "हाँ, मेरा आलू. छिलका कच्चा है अभी." पुन्हा ऐकलं. मग हळू, पण सरळ आवाजात: "नहीं, रमज़ान के बाद भी नहीं. आप किसी और को देख लो. अल्लाह आपको बरकत दे."

फोन खिशात गेला. कोयता पुन्हा चालायला लागला. खर्र, खर्र.

हफ्साला ओरडायचं होतं, नाचायचं होतं, विहिरीला मिठी मारायची होती. पण ती हलली तर हे सगळं सांडून जाईल असं वाटून ती खिळल्यासारखी उभी राहिली. ओटीवर अम्मी आली होती. तिने ऐकलं होतं की नाही कोण जाणे. ती एवढंच म्हणाली, "जेवायला येताय का, का तिकडंच पानं खाताय?" आणि आत वळली. मग आतून माळ्याला शिडी लावल्याचा, काहीतरी जड वर ढकलल्याचा आवाज आला.

अब्बा सरीच्या टोकाला पोचले होते. पाठ ताठ करून त्यांनी कापलेल्या पट्टीवर नजर फिरवली, उघडे वरंबे, आत झाकलेले बटाटे, पलीकडे धुक्याऐवजी आता नुसतं ऊन.

"हे निघाल्यावर इथं काय लावायचं?" त्यांनी विचारलं.

"चवळी!" मनुबाई म्हणाली. "जमिनीला चांगली."

"कलिंगड!" हफ्सा ओरडली. "मधे दोन आळी कलिंगडाची!"

"वेल कुठं पसरवशील गं, माझ्या डोक्यावर?"

दोघींचं जुंपलं. अब्बा ऐकत होते, घाम पुसत होते. मग जरा थांबून, कुणाकडेच न बघता, त्यांनी विचारलं,

"आणि पावसाळ्यात?"